उपकारस्तुती आधीच ठरली होती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर शनिवारी दिवेलागणीला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरायची. चटया अंथरून सगळे गोल बसत. पाळकसाहेब सुरुवात करत आणि मग उजव्या हाताने एकामागून एक प्रार्थना पुढे जाई. तिला आम्ही साखळी प्रार्थना म्हणायचो. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल त्याने शेजारच्याच्या कोपराला हळूच बोट लावायचं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे बाकी कुणाला कळत नसे, आणि साखळी पुढे चालू राही.

मी लग्न होऊन कल्याणला आले तेव्हापासून बोटच लावत आले होते. माझ्या उजव्या हाताला नेहमी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बसत. पुढेपुढे तर माझं बोट त्यांच्या कोपरापर्यंत पोचायच्या आत त्या सुरू होत. माझ्या मनात प्रार्थना नसे असं नाही. भांडी घासताना, नळावर रांगेत उभी असताना मी देवाशी पुष्कळ बोलायची. माणसं समोर आली की शब्द आत पळायचे, एवढंच. शाळेतही तसंच होतं. कविता पाठ असायची, पण मास्तरांनी उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची. चौथी झाल्यावर शाळा सुटली तेव्हा या एका गोष्टीचं मला बरं वाटलं होतं.

आत्याबाईंचं सगळं उलट. नगरकडच्या आमच्या गावांतून त्या तरुणपणी बायकांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत फिरलेल्या. आवाज खणखणीत. त्या प्रार्थना करायला लागल्या की चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. देवाशी बोलताना त्या कधी अडखळत नसत. घरच्या वडीलधाऱ्या माणसाशी हक्काने बोलावं तसं बोलत. मला त्यांचा हेवा वाटे आणि आधारही वाटे. त्या शेजारी असल्यावर माझ्या वाटचं त्याच बोलून टाकतात, असं मी धरून चालले होते.

आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे नळ आणि मागच्या दारातून दूरवर मलंगगडाचा डोंगर. हे इंजिनावर फायरमन होते. कोळसा मारून मारून खांदे रुंद झालेले, आणि भट्टीच्या उजेडाने डोळे कायम लाल. घरी आले की आधी माठातलं पाणी डोळ्यांवर मारत. चाळीच्या टोकाला मी उभी असले तर ते मला ओळखत नसत. जवळ आल्यावर म्हणायचे, "अगं, तू होय? मला वाटलं दुसरंच कुणी." मी म्हणायची, बायको विसरलात वाटतं. आम्ही दोघंही हसायचो. त्यात काही आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

स्वराज्य आल्यावर गोरे आणि अर्धगोरे ड्रायव्हर भराभर विलायतेला निघाले. त्यांचे बंगले रिकामे झाले, आणि ड्रायव्हरची जी जागा आमच्या माणसांनी नुसती खालून बघितली होती ती त्यांच्यासाठी मोकळी झाली. यांचंही नाव लागलं. परीक्षा झाली, साहेबाने बरं म्हटलं. आता राहिली होती मुंबईच्या रेल्वे दवाखान्यातली डोळ्यांची तपासणी. ती झाली की हे ड्रायव्हर होणार होते.

आत्याबाईंनी मंडळीला यांची आठवण प्रार्थनेत ठेवायला सांगितलं, तिथवर ठीक होतं. पण त्यांच्याच्याने तेवढ्यावर राहवेना. इंग्रजी उपासना संपून चर्च, म्हणजे आमचं देऊळ, मोकळं झालं की आमची मराठी उपासना होई. त्या रविवारी उपासना संपताना त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येत्या शनिवारी सभा आमच्या घरी. माझ्या मुलाला देवाने ड्रायव्हर केलं त्याबद्दल उपकारस्तुती."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "निकाल लागला का, बाई?"

"शनिवारी सकाळी तपासणी आहे. संध्याकाळी सभा. देव चांगला आहे, तो देणारच. मग आभार मानायला कशाला थांबायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आमच्या लोकांत हे नवीन नव्हतं. देव देईल असा विश्वास असेल तर आधीच उपकार मानून मोकळं व्हावं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. यांनी मात्र घरी आल्यावर म्हटलं, "आई, शनिवारऐवजी पुढचा शनिवार धरायचा होता."

"तुझा विश्वास डळमळला तरी माझा नाही," आत्याबाई म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

साखर रेशनवर मिळायची. आत्याबाईंनी आठवडाभर सगळ्यांना बिनसाखरेचा चहा पाजला आणि रव्याच्या लाडवांपुरती साखर जमवली. शनिवारी दुपारी मी रवा भाजत होते, तेव्हा शेजारच्या वहिनी वासाने आल्या. त्या कोकणातल्या. त्यांचे यजमानही इंजिनांच्या शेडमध्येच होते, आणि आमच्या दोन्ही घरांत मीठ-तिखटाची ये-जा होती.

"काय गो, निकाल आलो काय?"

"अजून नाही."

"मग लाडू कसले?"

"संध्याकाळी सभा आहे. उपकारस्तुतीची."

वहिनी उंबऱ्यावर टेकल्या. "म्हणजे फेडायचं. देव पावल्यावर आम्ही फेडतो, तसं."

"हो, तसंच."

"पण तो पावलाय कुठे अजून? आमच्यात आधी देव पावतो, मग नारळ. तुमच्यात आधी नारळ काय?"

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "यालाच विश्वास म्हणतात, बाई."

"विश्वास आहे हो. नाय कोण म्हणतो?" वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "मी आपला टिटवाळ्याला एक नारळ बोलून ठेवलाय भावोजींसाठी. असू दे जोडीला."

आवाज खाली आणला तरी आत्याबाईंना ऐकू गेलंच. "आमच्या नावाने नको हो बोलूस काही."

"तुमच्या नावाने नाय, माझ्या नावाने. माझं आणि गणपतीचं आहे ते, तुम्ही मध्ये येऊ नका."

आत्याबाई हसल्या. त्या दिवशी त्या कशावरही हसत होत्या. ठेवणीतलं पांढरं पातळ काढून त्यांनी उशीखाली घडी बसायला ठेवलं होतं.

लाडू वळून होतात न होतात तोच हे आले. ओट्यावर त्यांची पावलं वाजली आणि आमची मुलगी धावत गेली. तेव्हा ती तिसऱ्या वर्षात होती. बाप बाहेरून आला की खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी असायचंच. कधी चणे, कधी पेपरमिंटच्या गोळ्या, काही नसलं तर एखादं पेरूचं फळ तरी. तिने आधी गुडघ्यांना मिठी मारली, मग पिशवी खाली ओढली आणि आत हात घातला. पिशवी रिकामी होती. तिने ती उलटी करून झटकली. मग रागाने बापाच्या पायावर दोन-चार चापट्या मारल्या आणि भोकाड पसरलं. यांनी तिला उचललं. ती त्यांच्याच खांद्यावर रडत राहिली, आणि रडता रडता तिथेच झोपली.

तिला घेऊन ते आत आले, लाडवांच्या ताटाकडे बघत उभे राहिले.

"लांबच्या ओळी दिसल्या नाहीत," ते म्हणाले.

आत्याबाई पुढे आल्या. "म्हणजे परत बोलावलंय?"

"परत बोलावलं नाही. डॉक्टर चांगला होता बिचारा, त्याने फिरफिरून बघितलं. भट्टीने डोळे गेले म्हणाला. जवळचं दिसतं, लांबचं नाही, चष्म्यानेही नाही. ड्रायव्हर तर नाहीच, आता फायरमन म्हणूनही इंजिनावर चढायचं नाही. शेडच्या कोठारात घालणार आहेत. तेल आणि चिंध्या वाटायच्या."

स्टोव्हवर आधण ठेवलं होतं ते उकळून आटत होतं, ते मी खाली उतरवलं. आत्याबाई भिंतीला धरून खाली बसल्या. मला वाटलं त्या प्रार्थना सुरू करतील. तशी सवयच होती. दूध नासलं तरी त्या प्रार्थना करत. पण त्या इतक्या बारीक आवाजात बोलल्या की तो आवाज त्यांचा वाटेना.

"मी देवाला तोंडघशी पाडलं रे."

"आई, तसं काही नाही."

"सगळ्या मंडळीत उभी राहून सांगितलं मी. शेजारणीला सांगितलं. देव चांगला आहे म्हणून देणार, असं मी म्हटलं. आता नाही दिलं, तर काय म्हणू? तो चांगला नाही म्हणू?"

हा प्रश्न त्यांनी यांना विचारला की स्वतःला, ते मला समजलं नाही. पण ज्या बाईने पन्नास गावांतल्या बायकांना देवाचं चांगुलपण समजावून दिलं, ती हे विचारत होती, आणि तिला खरंच उत्तर हवं होतं. मी दाराच्या चौकटीला टेकले.

हे म्हणाले, "सभा नाही म्हणून सांगून येऊ का सगळ्यांना?"

"सांग जा. मला बाहेर यायचं नाही."

"डोंबिवलीची मंडळी निघाली असतील," मी म्हटलं. त्यात एक म्हातारे गार्ड होते, नोकरीतून निवृत्त झालेले. ते वेळेच्या आधी निघत, वाटेत कुठे बसत, आणि दारात हजर होत. त्यांना परत कसं पाठवणार?

हे थोडा वेळ उभेच राहिले. मुलगी खांद्यावर तशीच. मग म्हणाले, "होऊ दे मग सभा. पण मी एक सांगतो, आणि ते दोघींनी ऐका. आज या घरात कुणी उपकार मानले, यातही देवाने भलंच केलंय असं कुणी गोड करून सांगितलं, तर उद्यापासून मी उपासनेला येणार नाही. कधीच नाही. साहेबापुढे दिवसभर हांजी हांजी करतो. त्याने लाथ मारली तरी थँक्यू सर म्हणतो, कारण पोट आहे. तेच घरी येऊन देवापुढे करायचं असेल तर मला नको."

आत्याबाईंनी वर बघितलं, पण त्यांना रागवायचंही बळ नव्हतं. मला माहीत होतं, हे बोलले ते करणारे होते. त्यांनी एकदा तंबाखू सोडली म्हटलं ती सोडलीच. आणि आत्याबाईंचा हा एकुलता एक मुलगा. तो देवळाच्या बाहेर राहिला असता तर त्या आतमध्ये कशा उभ्या राहिल्या असत्या?

मी चहाचं पाणी भरायला मागच्या दाराने नळावर गेले. रांग नव्हती. हंडा भरत होता तोवर समोर डोंगर दिसत होता, उन्हात तपकिरी झालेला. मी रोज सकाळी तो बघते आणि रोज मनात म्हणते, वा, काय छान. त्याने मला कधी काही दिलेलं नाही. पाणी नाही, लाकूडफाटा नाही. तरी छान म्हटल्याशिवाय राहवत नाही, आणि म्हटलं नाही तर माझीच सकाळ ओकीबोकी जाते.

पाळकसाहेब एकदा उपदेशात म्हणाले होते की देवाला आपल्या स्तुतीची गरज नाही, आपण स्तुती केली नाही तर त्याचं काहीच कमी होत नाही, कमी होतं ते आपलं. तेव्हा मला ते समजलं नव्हतं. गरज नाही तर मग दर रविवारी एवढं गातो ते कशाला, असं वाटलं होतं. हंडा भरून वाहायला लागला तेव्हा ते वाक्य मला आठवलं. यांचं म्हणणं खरं होतं. काही मिळावं म्हणून, किंवा आहे ते जाऊ नये म्हणून जी स्तुती करायची ती हांजी हांजीच. आत्याबाईंचंही खरं होतं, देव चांगला आहे. चूक कुठे होती? निकालावर त्याचं चांगुलपण टांगून ठेवलं, तिथे होती. पास तर चांगला. मग नापास तर काय? असा देव म्हणजे आपल्याच चिठ्ठीवर चालणारा देव झाला. तो आपल्याला पुरणार नाही.

हे मी आता इतकं सरळ लिहिते आहे. तेव्हा ते असं ओळीने आलं नाही. तेव्हा मला एकीकडे डोंगर दिसत होता आणि दुसरीकडे पिशवी झटकणारी माझी मुलगी.

दिवे लागले आणि मंडळी यायला लागली. आमच्या रीतीप्रमाणे सलाम, सलाम करत चपला काढून आत बसली. यांच्याकडे बघून सगळ्यांना कळलंच. कुणी मोठ्याने विचारलं नाही. आत्याबाई यायला तयार नव्हत्या. मी हात धरला आणि त्या उठून आल्या, साधंच पातळ नेसून. पांढरं पातळ उशीखालीच राहिलं. त्या माझ्या उजव्या हाताला येऊन बसल्या, रोजच्यासारख्या. हे आत बसले नाहीत. ओट्याकडच्या दारात, पायात बूट तसेच, खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन उभे राहिले. त्यांच्या मागे ओट्यावर शेजारच्या वहिनी येऊन टेकल्या.

गार्डसाहेबांना गप्प बसवेना. ते चांगले होते, पण दुसऱ्याच्या दुःखापुढे त्यांना नुसतं बसता येत नसे. म्हणाले, "बाई, मी तर म्हणतो देवाने मोठा उपकार केला. समजा घाटात धुकं आहे आणि तुमचा मुलगा इंजिनावर आहे, सिग्नल दिसला नाही, तर किती माणसं..."

दारातले बूट हलले. मी मान वर केली नाही, पण बूट मला दिसत होते. एक बूट उंबऱ्याकडे वळला.

पाळकसाहेबांनी गार्डसाहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असेल," ते म्हणाले. "पण ते आपल्याला माहीत नाही, आणि देवाच्या वतीने आपण उत्तरं द्यायची नाहीत. आपण एक ठरवून आलो होतो, ते राहू द्या. नुसती साखळी करू. ज्याच्याने बोलवणार नाही त्याने गप्प बसावं. तेही चालेल."

बूट थांबला.

साखळी सुरू झाली. पलीकडून एकेक जण बोलत आला. कुणी धीर मागितला, कुणी डोळ्यांसाठी प्रार्थना केली, कुणी नुसतं प्रभू, दया कर एवढंच म्हटलं. मग माझी पाळी आली. सवयीने माझं बोट आत्याबाईंच्या कोपराला लागलं.

त्या बोलल्या नाहीत.

मी पुन्हा बोट लावलं. आणि मग माझ्या कोपराला काहीतरी लागलं. आत्याबाईंनी त्यांचं बोट माझ्या कोपराला लावलं होतं.

असं कधी झालं नव्हतं. साखळी मागे फिरत नाही. पण ती माझ्याकडे परत आली होती, आणि माझ्या डाव्या हाताला ज्या बाई होत्या त्यांची प्रार्थना होऊन गेली होती. मला पुढे द्यायला कुणीच उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "बापा."

आवाज फाटका निघाला. मी थांबले.

"बापा, आज तू आलास तेव्हा आम्ही तुझी पिशवी बघितली. तिच्यात आमच्यासाठी काही नव्हतं. आम्हाला राग आला, आम्ही रडलो. तुला ते दिसतंय, लपवायचं काय? पण पिशवीत खाऊ असतो म्हणून तू आमचा बाप नाहीस. तू बाप आहेस, तो आहेसच. तू काल चांगला होतास, आज चांगला आहेस. हे आम्ही निकाल बघून म्हणत नाही. आज आमच्याकडे आभार नाहीत. मागायचंही काही सुचत नाही. आज तुझ्याच खांद्यावर रडून तिथेच झोपायचंय. आमेन."

एवढंच. दहा-बारा वाक्यं असतील. घामाने माझी चोळी भिजली होती.

मग आत्याबाईंनी प्रार्थना सुरू केली. आवाज खणखणीत नव्हता. "तू चांगला आहेस, बापा," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, आणि पुन्हा तेच म्हणाल्या. पुढे काहीच जोडलं नाही. त्यांच्या इतक्या वर्षांच्या प्रार्थनांत मला ती एकच शब्दनशब्द आठवते.

डोळे उघडले तेव्हा हे दारात उभे नव्हते. मग दिसलं की ते आत येऊन भिंतीशी बसले होते. बूट ओट्यावर होते, आणि मुलगी त्यांच्या मांडीवर पसरली होती. आमेन त्यांनी म्हटलं की नाही ते मी ऐकलं नाही. मी विचारलंही नाही.

आता लाडवांचं काय करायचं ते मला समजेना. उपकारस्तुतीचे लाडू, आणि उपकारस्तुती तर झालीच नव्हती. मी ताट घेऊन आतच घुटमळत होते तेव्हा वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "वाटा की आता. रव्याने काय पाप केलंय?"

आधी पाळकसाहेब हसले, मग सगळेच. यांनीही एक लाडू उचलला, अर्धा मोडून झोपेतून उठलेल्या मुलीच्या हातात दिला. ती पिशवीचं सगळं विसरून गेली होती.

माणसं गेल्यावर मी चटया गुंडाळत होते. हे कंदिलाची काच पुसत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवीचं बोललीस."

"हो."

"मी स्टेशनवर गोळ्या घ्यायला उभा राहिलो होतो. मग म्हटलं आज कसल्या गोळ्या, आणि तसाच आलो." काच त्यांनी पुन्हा बसवली. "ती मला मारत होती आणि माझ्याच गळ्यात पडत होती."

मी चटई भिंतीशी उभी केली.

"आभार मानले नाहीस, ते बरं केलंस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "उद्या कुठला सदरा घालू? पांढऱ्याचं बटण तुटलंय."

मी बटण लावून दिलं. दुसऱ्या दिवशी ते उपासनेला आले. मागच्या बाकावर बसले, गायले नाहीत. पुढे कितीतरी रविवार ते गायले नाहीत, नुसते येऊन बसत. आत्याबाई त्याबद्दल एकदाही त्यांना बोलल्या नाहीत. त्यांच्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल ते मलाच माहीत. एका रविवारी माझ्या मागून एक जाड, बेसूर आवाज आला. मी मागे वळून बघितलं नाही. बायकांच्या बाजूला बसून आत्याबाई माझा हात दाबत होत्या.

कोठारातलं काम यांना कधी आवडलं असं मी म्हणणार नाही. पूर्वी इंजिनावर त्यांच्या हाताखाली असलेला एक जण पुढे ड्रायव्हर झाला, आणि त्याच्या इंजिनासाठी तेल मोजून देताना त्यांना काय वाटत असे ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. देवाने ते दुःख काढून घेतलं नाही. पण त्या दुःखापायी त्यांना देवापुढे खोटं बोलावं लागलं नाही, आणि मला वाटतं, त्यामुळेच त्यांना त्याच्यापुढे येत राहता आलं. खोटं बोलावं लागतं अशा घरी माणूस फार दिवस जात नाही.

शेजारच्या वहिनींचा नारळ राहिला होता. महिन्याभराने त्या टिटवाळ्याला जाऊन आल्या आणि आमच्याकडे खोबऱ्याचा तुकडा घेऊन आल्या. मी म्हटलं, "वहिनी, पण तो पावला कुठे?"

"नाय पावला. तरी म्हटलं, इतकी वर्षं काही ना काही मागणं घेऊनच त्याच्याकडे गेले. एकदा नुसती बघून येऊ त्याला. तुझं ते बोलणं ऐकलं होतं ना मी ओट्यावरून." मग खोबरं माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांगू नको. नायतर म्हणेल मीच शिकवलं."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "मी ऐकलं."

आत्याबाईंची खोडही अगदी गेली नाही. पुढे मुलीची शाळेच्या प्रवेशाची परीक्षा होती तेव्हा त्या पुन्हा उपकारस्तुती ठरवायला निघाल्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, निकाल लागू दे. सभा मात्र घालू, मनासारखा लागला काय आणि न लागला काय."

मी त्या दिवसानंतर सभेत बोलणारी झाले असं मात्र नाही. मी बोटच लावत राहिले. मला ते कधी कमीपणाचं वाटलं नाही. देव चांगला आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते दर शनिवारी मोठ्याने सांगितलंच पाहिजे असं नाही. फरक इतकाच पडला की माझं बोट लागलं तरी आत्याबाई आता लगेच सुरू होत नसत. थोडं थांबत. बोट परत येतंय का बघावं तशी मी वाट बघायची. मग त्या हळूच हसत. डोळे मिटलेले असूनही मला ते कळे. आणि मग त्या सुरू होत.